वाकणे जन्माचे, सावरणे सरावाचे

मल्लखांबाच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात नव्या मुलांची तुकडी आली की पहिल्या आठवड्यातच एक-दोन मुले उठून दिसतात. गुडघे न वाकवता तळहात सहज जमिनीला टेकवतात, कमान टाकताना हात-पाय जवळजवळ जुळवतात, स्प्लिटला बसताना त्यांच्या कपाळावर आठीही पडत नाही. ‘अंग काय लवचिक आहे!’ असे कौतुक होते आणि ते रास्तच असते. यांतल्याच काही मुलांच्या घरी रात्री मात्र वेगळे चित्र दिसते. ‘आई, पाय दुखतायत, चेपून दे ना’ ही तक्रार अधूनमधून चालूच राहते. घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. चार पाने लिहिली की बोटे दुखू लागतात. सकाळी तेच मूल टुणटुणीत उड्या मारत असते, त्यामुळे घरच्यांना वाटते की हा अभ्यासाचा कंटाळा आहे आणि प्रशिक्षकाला वाटते की पोर मेहनत टाळते आहे.

या कौतुकाचे आणि या तक्रारीचे मूळ एकच असू शकते: सांध्यांचा जन्मजात सैलपणा. डॉक्टर त्याला हायपरमोबिलिटी म्हणतात. बहुतेक मुलांत तो आजार नसतो, शरीराची ठेवण असते, आणि अशी कितीतरी मुले कसलीही तक्रार न होता मोठी होतात. काहींना मात्र त्रास होतो. त्यांचा खेळ बंद करणे हा त्यावरचा इलाज नाही, आणि ‘वाकतोय ना, अजून वाकव’ हाही नाही. सांधा कसा चालतो हे समजून घेतले की मधला रस्ता आपोआप दिसू लागतो.

सांधा जागेवर कसा राहतो

कोणताही सांधा चार गोष्टींच्या जोरावर जागेवर राहतो. पहिली हाडांची घडण. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून खांदा सगळीकडे फिरतो आणि निखळतोही तोच जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण आणि एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणारे अस्थिबंध, ज्यांना आपण सर्रास लिगामेंट म्हणतो. सांधा मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ते ताणले जातात आणि त्याला अडवतात. तिसरी गोष्ट स्नायू. ते सांधा हलवतात, तसा धरूनही ठेवतात. चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: मेंदूला मिळणारी खबर. स्नायू, अस्थिबंध आणि आवरण यांत सूक्ष्म संवेदक असतात. गुडघा किती वाकलाय, घोटा कुठे कलतोय, हे ते सतत कळवत असतात. डोळे मिटूनही आपले बोट नाकाच्या शेंड्यावर बरोबर टेकते ते त्यांच्यामुळे.

सैल सांध्यांच्या मुलांत दुसरी गोष्ट, म्हणजे बांधणी, थोडी ढिली असते. सांधा जिथे अडायला हवा तिथे न अडता थोडा पुढे जातो. मग सगळी भिस्त स्नायूंवर आणि मेंदूला मिळणाऱ्या खबरेवर येते. हाडांची घडण आपल्या हाती नाही, अस्थिबंधांचा पोतही व्यायामाने फारसा बदलत नाही. स्नायूंचे बळ आणि मेंदूचा ताबा मात्र सरावाने नक्की वाढतो. पुढचे सगळे उपाय याच एका वस्तुस्थितीतून निघतात.

सैलपणा येतो कुठून

अस्थिबंध मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे बनलेले असतात. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून कोलॅजनचा एक रेणू होतो, अगदी तीन पेडांच्या दोरासारखा. असे असंख्य रेणू शेजारीशेजारी रचले जातात, त्यांच्यात आडवे जोड तयार होतात आणि त्यांतून चिवट तंतू बनतो. जोड जितके जास्त, तितका तंतू ताठ. लहानपणी हे जोड कमी असतात आणि वय वाढेल तसे वाढत जातात. म्हणूनच तान्हे बाळ पायाचा अंगठा तोंडात घालते, आणि आजोबांना मोजा चढवायला स्टूल लागते.

कोलॅजन आणि त्याच्या सोबतची प्रथिने कशी बनतात हे जनुकांवर ठरते, म्हणून सैलपणा घराण्यातून येतो. मुलाची तपासणी चालू असताना आई किंवा बाबा सहज आपला अंगठा मनगटाला लावून दाखवतात, हे डॉक्टरांना नेहमीचेच. मुलांपेक्षा मुलींमध्ये तो जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियाई आणि आफ्रिकी लोकांत तो अधिक दिसतो, त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्याही शाळेच्या पटांगणावर अशी मुले असणारच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सैल सांधे कॅल्शियमच्या कमतरतेने होत नाहीत आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी घट्टही होत नाहीत. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र आपल्याकडच्या मुलांत बरीच आढळते, आणि तिच्यामुळे पाय दुखू शकतात. म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतात तेव्हा ती करून घ्यावी. पण अहवाल ठीक आला म्हणजे ‘काही नाही, नाटकं करतो’ असा निष्कर्ष काढू नये. सैलपणा रक्तात दिसत नाही.

नऊ गुणांची परीक्षा

मग तो ओळखायचा कसा? जगभर एक सोपी पद्धत वापरली जाते. पीटर बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका समाजाची पाहणी करताना ती वापरली, म्हणून तिला बीटन स्कोअर म्हणतात. एकूण नऊ गुण असतात.

तळहात टेबलावर पालथा ठेवून करंगळी हळूच मागे उचलायची. ती ९० अंशांपलीकडे गेली तर एक गुण. मनगट पुढे वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकवायचा. टेकला तर एक गुण. हात सरळ केल्यावर कोपर १० अंशांपेक्षा जास्त उलटे वाकले तर एक गुण. उभे असताना गुडघा १० अंशांपेक्षा जास्त मागे गेला तर एक गुण. या चार तपासण्या उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळ्या करायच्या, म्हणजे आठ गुण झाले. नववा गुण गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळहात पूर्ण जमिनीला टेकले तर.

वयात न आलेल्या मुलांत सहा किंवा अधिक गुण मिळाले तर सांधे सर्वसाधारणपणे सैल आहेत असे मानतात. मोठ्या माणसांत ही रेषा पाचवर आणि पन्नाशीनंतर चारवर येते, कारण वयाबरोबर सगळेच थोडे आखडतात.

या परीक्षेच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. तिच्यात खांदा नाही, खुबा नाही, घोटा नाही. पोहणाऱ्या एखाद्या मुलीला दोनच गुण मिळतील आणि तिचे खांदे मात्र अतिशय सैल असतील. शिवाय नववा गुण सरावानेही मिळतो. रोज योगासने करणाऱ्या मुलाचे हात टेकतील, पण त्याचे अस्थिबंध सैल असतीलच असे नाही. मुख्य म्हणजे गुण सैलपणा सांगतात, त्रास सांगत नाहीत. नऊपैकी नऊ मिळवणारे मूल ठणठणीत असू शकते. उपचाराची गरज तक्रारींवरून ठरते.

खेळात याचा फायदा खरा आहे

लवचिक मुलांना खेळात नैसर्गिक आघाडी मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुरलेल्या मल्लखांबावरची आसने, दोरीवरची कमान, लयबद्ध जिम्नॅस्टिक्स, भरतनाट्यम, पोहणे, या सगळ्यांत सांध्याची मोठी झेप, म्हणजे हालचालीचा आवाका, कामी येते. पोहणाऱ्याचा घोटा सैल असेल तर पाऊल वल्ह्यासारखे मागे वळते आणि प्रत्येक लाथेला जास्त पाणी ढकलले जाते.

क्रिकेटमध्ये याचे उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. जसप्रीत बुमराहचा गोलंदाजीचा हात चेंडू सोडताना कोपरात सरळ रेषेच्याही पलीकडे वाकतो. हात सरळ होण्याची आयसीसीची मर्यादा १५ अंशांची आहे. कोपर सरळ रेषेच्या पलीकडे जाणे त्या मोजणीत धरत नाहीत. त्याची गोलंदाजी पाहताना दुसरी गोष्टही पाहावी: त्या सैल कोपराच्या मागे खांदा, पाठ आणि मांड्या यांची वर्षानुवर्षे कमावलेली ताकद उभी आहे.

गाडी अडते ती निवडीपाशी. लवचिक मूल पहिल्या दिवसापासून चमकते, म्हणून त्याला पुढच्या तुकडीत घेतले जाते. पण बाकीची मुले दोन वर्षे घाम गाळून जी कमान मिळवतात, तिच्याबरोबर त्यांच्या पाठीत आणि पोटात बळही आलेले असते. सैल सांध्यांच्या मुलाला कमान आयती मिळालेली असते, बळ मात्र मिळवायचे राहून गेलेले असते. अवघड कसरती त्याच्या वाट्याला लवकर येतात, त्या पेलणारे स्नायू मागून येतात. पुष्कळशा दुखण्यांचा उगम या अंतरात आहे.

दुखते ते नेमके कुठे आणि का

एखाद्या अशा मुलीला नुसते उभे राहायला सांगा आणि बाजूने पाहा. तिचे गुडघे सरळ नसतात, मागे गेलेले असतात. मांडी आणि पोटरी मिळून मागच्या बाजूला बाक दिसतो. पोट पुढे, कंबर आत. आता मांडीच्या पुढच्या स्नायूला बोट लावून पाहा, तो मऊ लागेल. म्हणजे उभे राहण्याचे काम स्नायू करतच नाहीत. सारे वजन गुडघ्यामागच्या अस्थिबंधांवर टांगलेले आहे. तिला ते सोपे वाटते, कारण त्यात श्रम नाहीत. पण दिवसभर हाच ताण बसत राहिला, त्यात संध्याकाळी दोन तास उड्या झाल्या, की रात्री गुडघे ठणकतात. मांडीचे स्नायू कच्चे राहिले तर गुडघ्याची वाटी तिच्या खोबणीत नीट सरकत नाही, बाहेरच्या बाजूला जाते. जिना उतरताना दुखणे हे त्याचे ओळखीचे लक्षण. क्वचित वाटी सटकतेही.

खांद्याचे गणित असेच आहे. पोहण्याच्या सरावात हात हजारो वेळा डोक्यावरून फिरतो. खोबण उथळ, आवरण सैल, अशा वेळी गोळा मध्यभागी धरून ठेवण्याचे काम खांद्याभोवतीच्या छोट्या स्नायूंचे असते. ते थकले की गोळा पुढे-मागे घसरू लागतो आणि खांदा दुखतो. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांवर वजन येते तेव्हा कोपर उलटे वाकून अडकते आणि मनगट चेपले जाते. कमानी टाकणाऱ्या मुलांत बहुतेक वाक कमरेच्या खालच्या एक-दोन मणक्यांतच पडतो, कारण तिथेच सगळ्यात सोपे जाते. तेच मणके हजारदा मागे वाकले तर त्यांच्या मागच्या भागात ताणाने बारीक चीर पडू शकते. मागे वाकताना कमरेच्या एकाच जागी टोचल्यासारखे दुखत असेल आणि ते दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मेंदूला मिळणारी खबरही अशा मुलांत थोडी अस्पष्ट असते. डोळे झाकून गुडघा किती वाकवला हे ओळखायला सांगितले तर सैल सांध्यांची मुले इतरांपेक्षा जास्त चुकतात, हे तपासण्यांत दिसले आहे. खो-खोत पाटीवरून उठताना, खांबाला वळसा घालताना पाऊल वेडेवाकडे पडतेय हे वेळेवर कळले नाही तर स्नायू सावरायला उशीर करतात. ‘सारखा धडपडतो, लक्ष नसतं’ असे ज्याला म्हणतात, त्याचे लक्ष पुष्कळदा असते. खबर पोहोचायला वेळ लागतो.

आणि थकवा. जे काम इतरांचे अस्थिबंध फुकट करतात, त्यासाठी या मुलांचे स्नायू दिवसभर राबतात. वर्गात पाठ ताठ ठेवणे, पेन धरणे, दप्तर वाहणे, सगळ्यात जास्तीची शक्ती जाते. पेन इतके घट्ट धरतात की बोटाचे पेर उलटे वाकते. संध्याकाळपर्यंत मूल गळून गेलेले असते, तेव्हा त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

वयात येताना हे सगळे वाढू शकते. उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारणपणे मुलींत बाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या आसपास. हाडे लांब होतात, स्नायूंचे बळ मागे राहते, आणि मेंदूने बसवलेला हातापायांचा अंदाज चुकू लागतो. काल जमणारी उडी आज जमत नाही. या काळात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चाही नाजूक असतात. प्रशिक्षकाने उंचीची नोंद ठेवली आणि वेगवान वाढीच्या महिन्यांत उड्यांची संख्या उतरवली, तर बरीच दुखणी टळतात.

ताणण्याचा सापळा

सैल सांध्यांच्या बऱ्याच मुलांना आपण ‘टाइट’ आहोत असे वाटते. मांडीमागचे, पाठीचे, मानेचे स्नायू त्यांना आखडलेले जाणवतात. कारण उघड आहे: सांधा सांभाळण्यासाठी ते स्नायू कायम आवळलेले असतात. मग मूल ते ताणते, थोडा वेळ बरे वाटते. पण ताण स्नायूपेक्षा आधीच सैल असलेल्या सांध्यावर बसतो, सांधा आणखी डगमगतो, आणि स्नायू पुन्हा आवळतात. प्रशिक्षकाने पाठीवर दाब देऊन स्प्लिट पूर्ण करवणे तर या मुलांत टाळायलाच हवे. त्यांना झेप वाढवायची गरज नसते. आहे त्या झेपेच्या प्रत्येक अंशावर ताबा मिळवायची गरज असते.

पाहुण्यांपुढे ‘दाखव ना अंगठा उलटा करून’ ही फर्माईशही बंद करावी. बोटे मोडताना होणारा, न दुखणारा आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. पण सांधा मुद्दाम जागेवरून सरकवून दाखवण्याची सवय चांगली नाही.

ताबा कसा कमवायचा

काम टप्प्याटप्प्याने करायचे असते आणि सुरुवातीला मुलांचे सांधे तपासण्याची सवय असलेल्या फिजिओथेरपिस्टचा हात हवा.

पहिला टप्पा ‘मध्य’ शिकण्याचा. आरशासमोर बाजूने उभे राहायचे, गुडघे पूर्ण मागे ढकलून मग किंचित सोडायचे, इतके की मांडीचा स्नायू हलकेच जागा होईल. हातांवर वजन घेताना कोपराचेही तसेच. मुलाला सुरुवातीला वाटते की आपण वाकून उभे आहोत. त्याचे ‘सरळ’ इतकी वर्षे उलट्या वाकापाशी होते, म्हणून आरसा किंवा मोबाइलवर बाजूने काढलेला फोटो कामी येतो.

दुसरा टप्पा स्थिर धरण्याचा. भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, फळीसारखे शरीर कोपरांवर तोलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे. धरण्याचा वेळ थोडा ठेवायचा, आकार बिघडला की थांबायचे. सैल मुलाची खोड अशी, की स्नायू थकताच ते सांधा कडेला नेऊन त्याच्यावर लटकते आणि वरवर पाहता ‘प्लँक’ चालूच असतो. म्हणून घड्याळाकडे कमी आणि कोपर-कंबरेकडे जास्त पाहावे.

तिसरा टप्पा हालचालीतल्या ताब्याचा. यातला एक व्यायाम घरच्या जिन्यावर करता येतो. सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहायचे, एक हात कठड्याजवळ. एक पाय पुढे हवेत धरायचा, दुसऱ्याचा गुडघा वाकवत हवेतली टाच हळूहळू जमिनीकडे न्यायची, नुसती टेकवायची, वजन टाकायचे नाही, आणि तितक्याच सावकाश वर यायचे. पाहायचे ते दोनच ठिकाणी. वाकणारा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय की आत पडतोय? आणि वर आल्यावर गुडघा हळू थांबतोय की खाडकन मागे जाऊन अडकतोय? सहा-आठ वेळा नीट जमले की पुरे. गुडघा आत पडू लागला तर पायरीची उंची कमी करायची. त्या जागी जाड पुस्तकांचा गठ्ठा चालतो. खाली जाताना स्नायू लांब होत असतानाही धरून ठेवायला शिकतो, आणि उडीवरून उतरताना नेमकी हीच कला लागते.

चौथा टप्पा तोलाचा. एका पायावर उभे राहणे, मग तसेच उभे राहून चेंडू झेलणे, मग डोळे मिटून. मेंदूला येणारी खबर अशीच सुधारते. पाचव्या टप्प्यात खेळ: छोट्या उड्या, दिशा बदलणे, आणि शेवटी खऱ्या कसरती. मल्लखांबाच्या मुलांना इथे एक देणगी आहे. अढी मारून खांब मांड्यांत आवळणे, दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडणे, हातांनी शरीर वर ओढणे, हे मुळातच बळाचे काम आहे. आसनांच्या शेवटच्या वाकापेक्षा पकडीवर आणि सावकाश उतरण्यावर भर दिला तर हाच खेळ सैल मुलाला घडवतो.

सांधा पूर्ण झेपेच्या टोकाला न्यायचाच नाही, असेही नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघेदुखी असलेल्या सैल सांध्यांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात एका गटाला सरळ गुडघ्यापर्यंत आणि दुसऱ्याला त्याच्या सैल मर्यादेपर्यंत व्यायाम दिला. दुखणे दोन्ही गटांत कमी झाले. अर्थात दुसऱ्या गटाने टोकाला जाऊन तिथे ताबा ठेवायला शिकायचे होते, टोकावर लटकायचे नव्हते. नर्तिकेला आणि जिम्नॅस्टला टोकाला जावेच लागते. म्हणून तिथलेही बळ कमवावे, पण आधी मध्य पक्का करून.

वजन घेऊन व्यायाम केला तर उंची खुंटते, ही भीती अनेक पालकांना असते. तिला आधार नाही. योग्य पद्धत शिकवून, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत केलेला बळाचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे. फळ दिसायला मात्र महिने लागतात, आणि अस्थिबंध सैल ते सैलच राहणार असल्याने व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो. रोज दहा-पंधरा मिनिटे, दात घासण्याइतक्या नेमाने, हे महिन्यातून चार दिवस तासभर करण्यापेक्षा कितीतरी बरे.

किती खेळायचे

बालरोगतज्ज्ञ एक सोपा अंदाज सांगतात: मुलाचे वय जितक्या वर्षांचे, आठवड्याला तितक्या तासांपेक्षा जास्त शिस्तबद्ध सराव नको. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुटी हवी. हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे. सैल सांध्यांच्या मुलांनी तो मोडला तर भुर्दंड लवकर पडतो.

आपल्याकडे याला एक ठरलेले वळण आहे. वार्षिक परीक्षा आली, म्हणून सराव बंद. ती संपली की उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. महिनाभरात स्नायूंचे बळ उतरलेले असते, अस्थिबंध जसेच्या तसे सैल, आणि भार एकदम दुप्पट. तापातून किंवा दुखापतीतून उठल्यावरही हेच होते. परीक्षेच्या दिवसांत पंधरा मिनिटांचा व्यायाम चालू ठेवणे आणि शिबिराचे पहिले दोन आठवडे अर्ध्याच भाराने करणे, एवढ्याने मे महिन्यातली कितीतरी दुखणी वाचतील. दुखले म्हणून महिनाभर झोपून राहणे आणि बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे भरून काढणे, हे चक्र सर्वांत वाईट.

कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात जास्त काळजी हवी. अनेक अभ्यास एकत्र तपासले असता सैल सांध्यांच्या खेळाडूंत गुडघ्याच्या दुखापतीचा धोका, विशेषतः अशा खेळांत, वाढलेला आढळला. घोट्याच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून कबड्डी वर्ज्य नाही. चढाई-पकडीला उतरण्याआधी मांड्या आणि खुबा मजबूत हवेत. धावणे, तोल, उड्या आणि बळ यांचा मेळ घातलेला वॉर्म-अप दुखापती कमी करतो, हे सिद्ध आहे. ७ ते १३ वर्षांच्या फुटबॉलपटूंसाठी तयार केलेल्या ‘११ प्लस किड्स’ या वॉर्म-अपने एका मोठ्या चाचणीत दुखापती जवळजवळ निम्म्यावर आणल्या. त्याला खास उपकरणे लागत नाहीत, पंधरा-वीस मिनिटे लागतात.

पट्टे आणि टेपिंग यांचा उपयोग आहे, पण सामन्यापुरता किंवा दुखापत भरून येईपर्यंत. कायमचा पट्टा बांधला तर स्नायूला शिकायची संधी मिळत नाही. बूट टाचेला घट्ट धरणारे असावेत. सपाट तळपाय दुखत नसतील तर त्यांना काही करावे लागत नाही. सैल खांद्यासाठीही आधी महिनोन्‌महिने नेटाचा व्यायाम. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर.

केव्हा थांबून तपासून घ्यायचे

काही खुणा दिसल्या तर ‘सैल सांधे आहेत, चालायचंच’ असे म्हणू नये. सांधा सुजतो आणि सूज राहते; सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेला असतो; मूल लंगडते; एकाच जागचे दुखणे रात्री झोपेतून उठवते; ताप येतो किंवा वजन उतरते. अशा वेळी संधिवात, जंतुसंसर्ग किंवा आणखी काही आहे का, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवे.

दुसऱ्या खुणा संयोजी ऊतींच्या, म्हणजे शरीराला बांधून धरणाऱ्या ऊतींच्या, आनुवंशिक आजारांच्या. त्वचा खूप ताणली जाणे, साध्या जखमेचे रुंद आणि कागदासारखे पातळ व्रण राहणे, सहज काळे-निळे पडणे, सांधे वारंवार निखळणे, यांवरून एलर्स-डॅनलॉस गटाचा विचार होतो. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे तेरा प्रकार मानले गेले. बहुतेकांची जनुके माहीत आहेत. सर्वाधिक आढळणाऱ्या सैल सांध्यांच्या प्रकाराचे निदान मात्र लक्षणांवरूनच करावे लागते.

मूल घरच्यांच्या मानाने फार उंच, हातपाय आणि बोटे लांबसडक, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली, डोळ्याचे भिंग सरकलेले, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले, असे असेल तर मार्फान सिंड्रोमची शंका घ्यावी. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू फुगते. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या संघातली अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळून गेली, ३१ व्या वर्षी. तिला मार्फान होता हे मृत्यूनंतर कळले. अशा खुणा असलेल्या मुलाची इकोकार्डिओग्राफी खेळाच्या पुढच्या हंगामाआधी झालीच पाहिजे. खेळताना चक्कर येऊन पडणे किंवा छातीत दुखणे, याकडे कोणत्याही मुलात दुर्लक्ष करू नये.

मोठ्यांनी करायचे ते

प्रशिक्षकाने वर्गातल्या प्रत्येक मुलाचे नऊपैकी गुण एकदा नोंदवून ठेवावेत. दहा मिनिटांचे काम आहे, त्यासाठी यंत्र लागत नाही. सहा किंवा अधिक गुण असलेल्या मुलांना ताणण्याच्या वेळात बळाचे व्यायाम द्यावेत. शिक्षकांनी अशा मुलाला जाड पेन वापरू द्यावे, दर अर्ध्या तासाने उठून उभे राहू द्यावे, जास्तीचा वेळ लागला तर द्यावा. पालकांनी दोन आठवड्यांची साधी वही ठेवावी: कोणत्या दिवशी किती खेळ, रात्री कुठे दुखले, सकाळी काय स्थिती. डॉक्टरांना या वहीतून पुष्कळ काही कळते.

मुलाचे दुखणे खरे मानावे आणि खेळ सोडायला लावू नये, या दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात. खेळ सोडलेल्या सैल मुलाचे स्नायू आणखी कच्चे होतात, दुखणे वाढते, मित्र तुटतात. नीट तयारी करून खेळणाऱ्या मुलाला मात्र त्याच सांध्यांसह मोठा पल्ला गाठता येतो. आपल्या टाळ्या आजवर सर्वांत जास्त वाकणाऱ्याला मिळत आल्या आहेत. उडीवरून उतरल्यावर गुडघे न डगमगता उभे राहणाऱ्यालाही तितक्याच जोरात टाळ्या मिळू लागल्या, तर मुले कशासाठी मेहनत करायची ते बरोबर ओळखतील.